सिंटरवाले काका आणि दह्यातले दाणे

मारोतराव काळमेघांच्या हाती लग्नात बुंदीचा लाडू पडू द्यायचा नाही, हे भिलाईच्या नेहरू नगरातल्या आमच्या लाइनीत लहान मुलांनाही ठाऊक आहे. काका लाडू खात नाहीत. आधी शेजारच्या पाहुण्याच्या नाकासमोर धरतात.

“हे काय?”

पाहुणा बिचारा वरपक्षाचा, बाहेरगावचा. “लाडू.”

“लाडू नाई. हे सिंटर.” मग दोन बोटांनी लाडू चुरगाळायचा आणि भुगा त्याच पाहुण्याच्या प्लेटमध्ये सांडायचा. “आन् हे फाइन्स. चूर्ण. आता सांगा, फर्नेसले काय पायजे?”

“भाऊ, मी बँकेत असतो.”

“बँकेत असा नाईतर विमानात असा! फर्नेसले चूर्ण चालत नाई. वरून माल पडते, खालून गरम हवा चढते. चूर्ण टाकलं का हवेची वाट बंद. फर्नेस गुदमरते. म्हणून त्या लोखंडाच्या बारीक मातीले भाजून तिचे ढेकूळ करा लागते. ढेकूळ कसं, सावकाश खाली उतरते, जराजरानं शिजते. याले म्हणते सिंटर. हे आमी करत होतो. सारा देश आमच्या ढेकळावर उभा हाय!”

पाहुणा प्लेटमधल्या भुग्याकडे बघत असतो. काकांच्या मागे वसुंधराकाकू उभ्या असतात, पदर सावरून, चेहरा कोरा. फक्त ओठ किंचित हलत असतात, विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरचे हलतात तसे. लग्न झाल्यापासून त्या हे भाषण ऐकतायत. पण त्यांना कधी कुणी माइक दिला नाही.

काका पोलाद कारखान्याच्या सिंटर प्लांटमधून रिटायर झाले. सेक्टर २ मधलं क्वार्टर सोडून इथे घर बांधलं, आणि प्लांटने काढून घेतलेला चार्ज त्यांनी घरातून वसूल केला. पाण्याच्या टाकीचा चार्ज काकांकडे. इन्व्हर्टरचा काकांकडे. कुकरच्या शिट्या, काकूंची बीपीची गोळी, गल्लीतला दिवा, सगळं काकांकडे. आमची आणि काळमेघांची भिंत एकच. सकाळी उठल्यावर मला पहिल्यांदा ऐकू येतं ते “बंद नको करू, चार्ज माह्याकडे हाय!” चिमण्या त्यानंतर.

नागपूरला लग्नाला जायचं तरी टाकीचा चार्ज मुलाला, प्रशांतदादाला, देऊनच जाणार. तोही असातसा नाही. गेटपाशी हातात हात धरून समोरासमोर उभं राहायचं. जाणाऱ्याने काय सुरू आहे, काय बंद आहे आणि काय बिघडलं ते सांगायचं. येणाऱ्याने ते परत म्हणायचं. मगच हात सोडायचा.

“वॉल्व्ह अर्धा सुरू. मोटर गरम होऊन राहिली. चूक मिस्त्रीची. म्हण.”

“वॉल्व्ह अर्धा सुरू, मोटर गरम, ग़लती मिस्त्री की. बाबा, ट्रेन छूट जाएगी.”

“सुटू दे. जो माणूस बिघाड लपवून चार्ज देते, तो माणूस नाई. शिफ्टमध्ये असा एक जरी निघाला, तर मागून येणारा मरते.”

हे ते अगदी मनापासून म्हणतात, डोळ्यांत पाणी आणून. काकांच्या स्वतःच्या शिफ्टमध्ये मात्र आजवर एकही बिघाड झालेला नाही. झाले ते सगळे मिस्त्रीचे, मागच्या शिफ्टचे, नाहीतर सुनेचे.

सून म्हणजे सुमेधावहिनी. दुर्गची, फिजिक्समध्ये एम.एस्सी. बाजारात स्कूटरवर गेली आणि ऑटोने परत आली, अशी तिची ख्याती. स्कूटर चोरीला गेली म्हणून प्रशांतदादाने अर्धं भिलाई पालथं घातलं. स्कूटर मार्केटमध्ये किल्लीसकट उभी होती. तिची किल्ली फ्रीजमध्ये सापडायची, दूध गॅसवर उतू गेलेलं सापडायचं, आणि नोकरी सापडायची ती हरवण्यासाठी. दोन शाळा सुटल्या. घरातलं निदान ठरलेलं होतं. काकू म्हणायच्या, “धांदरट.” प्रशांतदादा म्हणायचा, “क्रिएटिव्ह है यार.” काका म्हणायचे, “लक्ष नाई. लक्ष दिलं का सगळं होते.” जसं काही लक्ष कपाटात ठेवलेलं आहे आणि ही आळशी बाई काढत नाही.

मग हायवेजवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये तिला काम मिळालं. मालक प्रितम साहू सर. माणूस गोड, पण घड्याळाचा. वहिनीने तिथला पहिला महिना मला आमच्या गच्चीवर करून दाखवला, दोन्ही भूमिका एकटीने.

“मैडम, आपने लेन्स से शुरू किया था. अचार पर कैसे पहुँच गईं?”

“सर, बरनी का काँच...”

“बरनी का काँच!”

“उससे भी तो किरण मुड़ती है सर.”

“मैडम, किरण मुड़ती है, बच्चे मुड़ रहे हैं, चैप्टर वहीं खड़ा है.” मग सरांनी चष्मा पुसला. “पढ़ाती आप अच्छा हैं. पर चैप्टर खतम होना मांगता है. दिवाली के बाद बड़ी बैच है. उसके पहले मैं पीछे बैठूँगा. सुबह भी, दोपहर भी. खतम हुआ तो बैच आपकी.”

वहिनी हसत हसत हे करत होती. मग एकदम थांबली.

“ही पण गेली ना, तर मी घरात बसणार. आणि मामाजी मला कुकरच्या शिट्या मोजायला शिकवणार.”

त्याच आठवड्यात ती रायपूरला डॉक्टरांकडे गेली. स्वतः शोधून, स्वतः वेळ घेऊन. बरोबर प्रशांतदादा, कारण गाडी त्याची. आणि बरोबर काका, कारण त्यांना कुणी नाही म्हणू शकत नाही.

डॉक्टर कीर्ती मोघे मूळच्या रायपूरच्या. आवाज मऊ, नजर शिक्षिकेची. वहिनीशी त्या बराच वेळ बोलल्या. लहानपणापासूनचं विचारलं, शाळेतली प्रगतिपुस्तकं पाहिली, बीपी मोजलं, छातीला नळी लावली, झोपेबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, हा स्वभाव नाही, आळस नाही, ही लक्षाची व्याधी आहे. औषध आहे, आणि औषधाबरोबर कामाच्या काही सवयीही लावाव्या लागतील.

काका खुर्चीच्या टोकाला सरकले. “डॉक्टरीणबाई, एक सांगा. आमच्या काळी हे होतं का?”

“होतं की. तेव्हा त्याबद्दल मार मिळायचा.”

“आन् मार खाऊन लक्ष लागत होतं!”

“कुणाचं लागलं? एक नाव सांगा.”

काकांनी नाव आठवायला छताकडे पाहिलं. आणि तिथे त्यांना एसी दिसला. एसीतून पाणी गळत होतं.

संपलं. काका उठले, दारातल्या कंपाउंडरला बोलावलं आणि सुरू झाले, “ड्रेन पाइपचा उतार उलटा हाय. कोणं बसवला? त्याले बोलवा.” प्रशांतदादा खाली गाडी लावायला जागा शोधत होता. रायपुरात जागा तपासणी संपता संपताच मिळते. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं जे होतं, ते त्या खोलीत एकाच माणसाने नीट ऐकलं. जिचं लक्ष लागत नाही म्हणून सगळे आले होते, तिने.

“यात दोन जातीचे दाणे आहेत,” डॉक्टरांनी कॅप्सूल टेबलावर उघडून दाखवली. “काही पोटात गेल्यागेल्या विरघळतात. ते सकाळ सांभाळतात. बाकीच्यांवर लेप आहे, तो उतरायला काही तास लागतात. ते दुपार सांभाळतात. म्हणून सकाळी एकदाच घ्यायची, नाश्ता करून, कारण भूक मंदावते. उशिरा घेऊ नका, झोप उडेल.”

“मला अख्खी कॅप्सूल गिळवत नाही. घशात अडकते.”

“मग ही अशी उघडा, चमचाभर गार दह्यावर दाणे पसरा, लगेच गिळा, वर पाणी प्या. पण चावायचं नाही, कुटायचं नाही. लेप फुटला की दिवसभराचं औषध एका दमात अंगात शिरतं. आधी छाती धडधडेल, आणि दुपारी हातात काहीच उरणार नाही.”

तेवढ्यात काका हात झटकत आत आले. “झालं. सांगितलं त्याले. काय म्हणते डॉक्टरीण?”

“दह्यात घ्यायचं मामाजी,” वहिनी म्हणाली.

“दह्यात. बराबर. दही चांगलं,” काकांनी औषधाला मंजुरी दिली.

पुढचे काही आठवडे मी भिंतीपलीकडून एक नवीनच घर ऐकलं. दूध उतू जाईना. “माझी किल्ली कुठंय?” ऐकू येईना. एके दिवशी वहिनी आमच्या दारात कप घेऊन आली आणि म्हणाली, “बघ, चहा. गरम आहे. मी केला आणि मीच पितेय.” तुम्हाला यात काही वाटणार नाही. तिचा चहा आजवर घरभर कुठे कुठे गार होऊन सापडायचा.

“नशा येते का गं त्याने?” मी विचारलं.

“नशा? अगं, डोक्यात पाच रेडिओ लागलेले असायचे. आता एकच लागतो, आणि तोही मी लावेन तो. बाकी मी तीच आहे. कंटाळवाणी गोष्ट कंटाळवाणीच वाटते. पण ती संपेपर्यंत बसता येतं.”

लेन्सचा चॅप्टर लेन्सवर सुरू होऊन लेन्सवर संपला. प्रितम सरांनी म्हणे वर्गाबाहेरून डोकावून घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळ कानाला लावलं.

मग एक सकाळ चुकली. वहिनीने दाणे दह्यावर पसरले, फोन वाजला, ती बोलत बोलत बाहेर गेली. चमचा संध्याकाळी काकांना फ्रीजवर सापडला, दही वाळून पापुद्रा आलेला. दुसऱ्या कुणाला तो विसरलेला चमचा वाटला असता. काकांना ब्रेकडाऊन वाटला.

“उद्यापासून गोळीचा चार्ज माह्याकडे!”

“मामाजी, एकदाच विसरले. मी गजर लावते.”

“गजर लावाले विसरशीन. तू फक्त तोंड उघडजो.”

वहिनीने मान डोलावली. का, तर या घरात ती इतक्या वेळा चुकली होती की बरोबर असायचा हक्कही तिने सोडून दिला होता. शिवाय सकाळी हातात आयता चमचा येत होता, दही गार होतं, वर पाणी होतं. तिला बरंच वाटलं.

पुढचं आम्हाला उशिरा कळलं, पण तुमच्यापासून लपवून मला काय मिळणार? काकांनी पहिल्याच सकाळी कॅप्सूल उघडली, दाणे बशीत ओतले आणि चष्मा लावला. काही पांढरे, काही पिवळट. दह्यात टाकले तर तरंगायला लागले. “ब्लेंडिंग बराबर नाई,” काका म्हणाले. म्हणाले कुणाला? दह्याला. मग काकूंचा वेलची कुटायचा पितळी खलबत्ता घेतला. टक, टक, टक. मऊसूत पीठ. दह्यात असं मिसळलं की डोळ्याला दिसू नये. माणसाने आयुष्यभर चुऱ्याचं ढेकूळ केलं, आणि रिटायर होऊन ढेकळाचा चुरा केला. भिंतीपलीकडे आम्ही म्हणत होतो, काळमेघांकडे हल्ली वेलचीचा खप फार वाढलाय.

पहिल्या सकाळी काका खूश. वहिनी जिना दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. “पाह्य! कशी पेटली! फ्लेम पाह्य!” त्यांनी काकूंना हाक मारून दाखवलं.

वर्गात वहिनीने परावर्तन, अपवर्तन आणि अर्धा प्रिझम एकाच तासात उडवला. करिष्मा नावाची तिची हुशार विद्यार्थिनी मधेच उठली, “मैडम, एक मिनट, पेन नहीं चल रहा इतना तेज़.” वहिनीचे हात बर्फासारखे गार, छाती ढोलासारखी वाजत होती. डबा तसाच परत. आणि दुपारच्या बॅचला तीच बाई फळ्यासमोर उभी, हातात खडू, डोक्यात पाच रेडिओ आणि सगळ्यांचा आवाज मोठा. करिष्माच्या धाकट्या बहिणीने काहीतरी साधं विचारलं, तर वहिनी तिच्यावर ओरडली, “तो तुम ही पढ़ा लो!” आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन रडली.

असं आठवडाभर चाललं. प्रितम सर म्हणाले, “मैडम, सुबह आप राजधानी, दोपहर को मालगाड़ी. बीच में कोई पैसेंजर नहीं है क्या? देखिए, परसों बैठूँगा मैं पीछे. तारीख आगे नहीं जाएगी.”

संध्याकाळी काळमेघांच्या हॉलमध्ये कोर्ट भरलं. खिडकी उघडी होती. मी कान लावला नव्हता, कान तिथेच होता.

“मी पहिल्यापासून म्हणून राहिलो,” काका. पहिल्यापासून ते दही चांगलं म्हणून राहिले होते. “हे औषध नाई, नशा हाय. सकाळी चढते, दुपारी उतरते. दारूचं दुसरं काय असते? बंद.”

“बाबा, डॉक्टर से एक बार पूछ तो लें,” प्रशांतदादा.

“काय पुसतो तिले? जिचा स्वतःचा एसी गळून राहिला!”

“पण मामाजी, आधी असं होत नव्हतं,” वहिनीचा आवाज अगदी बारीक. “आधीचे आठवडे किती चांगले गेले. काय बदललं तेच कळत नाहीये.”

“तूच बदलली. शरीराले सवय झाली. परवाची परीक्षा देऊन टाक, जमलं तं जमलं. नाईतर घरी काय काम कमी हाय? परवापर्यंत डोस देतो. मंग बंद.”

आणि वहिनी हो म्हणाली. तिला वाटलं, गोळीही शेवटी आपल्यासारखीच निघाली. सुरुवातीला छान, मग सगळं सांडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले, म्हणून पुढचं सगळं पहिल्या रांगेतून पाहिलं.

स्वयंपाकघरात काकू चहाचा घोट तोंडात धरून उभ्या. तोंड वाकडं.

“चहा कडू कावून लागून राहिला वो?”

“वेलची जुनी असन,” काका ओट्यापाशी पाठमोरे.

“काल आणली मी. रोजच लागून राहिला कडू.” काकूंनी ओट्यावरून हात लांब केला आणि काकांच्या पुढ्यातला खलबत्ता ओढला. आत पांढरट पीठ. बाजूला उघडलेल्या कॅप्सूलच्या दोन रिकाम्या टोप्या. बशीत गार दही.

वहिनी दारात, चमचा घ्यायला आलेली. तिने खल पाहिला, टोप्या पाहिल्या, मग काकांच्या हातातला बत्ता पाहिला.

“मामाजी. तुम्ही हे कुटता?”

“मिक्सिंगसाठी.”

“रोज?”

“मंग? दाणे तरंगत होते वरती. काई पांढरे, काई पिवळे. अर्धे विरघळते आन् अर्धे तसेच राह्यते, हे कोणतं डिझाइन?”

“तेच डिझाइन आहे! तेच... त्यावर लेप...”  वहिनी रडकुंडीला आली होती. फळ्यासमोर लेप, लेन्स, किरण सगळं समजावणारी बाई, पण सासऱ्यासमोर तिचं वाक्य पूर्ण होऊ दिलं गेलं असेल तर ना.

“रडून नको राहू. मले एक सांग, बारीक केल्यानं औषध कमी होते का? तेवढंच राह्यते. वजन तेवढंच. मंग बिघडलं काय?”

तेव्हा काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. पदर खोचला. खल उचलला आणि काकांच्या नाकासमोर धरला.

“हे काय?”

“अं?”

“हे फाइन्स,” काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. काकांचा होता, तोच खर्ज, तोच हेल, शब्दाआधी तेच थांबणं. “चूर्ण. आता सांगा, फर्नेसले काय पायजे?”

मी डबा छातीशी धरून उभी. प्रशांतदादा ब्रश तोंडात घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला.

“वसुंधरा...”

“बँकेत असा नाईतर विमानात असा! फर्नेसले चूर्ण चालत नाई! चूर्ण टाकलं का हवेची वाट बंद. फर्नेस गुदमरते.” काकूंनी वहिनीकडे बोट केलं. “गुदमरली. दिसून राहिली ना? ढेकूळ कसं, सावकाश खाली उतरते, जराजरानं शिजते. याले म्हणते सिंटर. हे तुमी करत होते. आन् घरी आल्यावर काय केलं?”

एकही शब्द चुकला नाही. इतकी वर्षं विंगेत उभं राहून केलेलं पाठांतर असतं ते.

काकांनी खलात पाहिलं. मग हळूच म्हणाले, “डॉक्टरीणनं सांगाले पायजे होतं.”

“सांगितलं होतं,” वहिनी म्हणाली. आता वाक्य पूर्ण झालं. “कुटायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. तुम्ही एसीकडे बघत होतात.”

प्रशांतदादाच्या तोंडातून पेस्टचा फेस बाहेर आला. तो हसत होता की गुदमरत होता, सांगता येत नाही.

वहिनीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून.

“आजचा घेतला का?” डॉक्टर.

“नाही अजून.”

“फेकून द्या तो. आज काही घेऊ नका, बीपी मोजा आणि मला कळवा. ठीक असेल तर उद्यापासून पहिल्यासारखं, अख्खे दाणे. औषध तुम्हाला मानवलं होतं, ते बिघडलेलं नाही. आणि सुमेधा, कुटलं कोणी?”

काकांनी छताकडे पाहिलं.

“बरं. कळलं. त्यांना सांगा, एसी आता गळत नाही.”

फोन बंद झाला. काका सावरले. माणूस कसा सावरतो बघा, म्हणाले, “ठीक हाय. उद्यापासून न कुटता देतो. चार्ज माह्या...”

“नाही मामाजी.” वहिनीने ओट्यावरची औषधाची डबी धरली; काकांचा हातही तिच्यावर होताच. “चार्ज द्या.”

“काय?”

“चार्ज द्या माझ्याकडे. रीतसर. समोर उभे राहा आणि द्या.”

मी तिला इतकी सरळ उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. आणि त्या दिवशी तिच्या पोटात औषधाचा कणही नव्हता, हे लक्षात ठेवा.

काका हसायला गेले. काकू हसल्या नाहीत. प्रशांतदादाने तोंड पुसलं. “दे दो बाबा. गेट पे जैसा देते हैं.”

“मी फक्त...”

“काय सुरू आहे?” वहिनीने विचारलं.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मिस्त्री नव्हता. मागची शिफ्ट नव्हती. “रोज एक कॅप्सूल. सकाळी. नाश्त्यानंतर. दह्यात.”

“रोज एक, सकाळी, नाश्त्यानंतर, दह्यात. काय बंद आहे?”

“आजचा डोस बंद.”

“आजचा डोस बंद. काय बिघडलं?”

 जो माणूस बिघाड लपवून चार्ज देते, तो माणूस नाई, हे गेटवरचं वाक्य त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं, आणि सगळे ते मनात म्हणत होते.

“दाणे फोडले.”

“दाणे फोडले. चूक कोणाची?”

बाहेर टाकी भरून वाहायला लागली होती. कुणी हललं नाही. काकाही नाही.

“ऑपरेटरची,” ते म्हणाले.

“ऑपरेटरची,” वहिनीने परत म्हटलं, आणि मगच डबीवरचा काकांचा हात सुटला.

त्यानंतर काका मोटर बंद करायला गेले आणि मोटरशीच खूप वेळ बोलत बसले.

वहिनीने डबी टूथब्रशच्या ग्लासात ठेवली, कारण नाश्ता विसरला तरी दात ती विसरत नाही. शिवाय फोनवर गजर. काकूंनी खलबत्ता चिंचेने घासून उन्हात ठेवला, काकांना येताजाता दिसेल असा.

परीक्षेच्या दिवशी प्रितम सर सकाळी मागच्या बाकावर बसले, आणि दुपारीही. सकाळी प्रिझमच्या पहिल्या बाजूने किरण शिरला. दुपारच्या बॅचला तोच किरण दुसऱ्या बाजूने सात रंगांत बाहेर पडला, आणि मधे कुठेही लोणचं आलं नाही. करिष्माच्या बहिणीने परत तोच साधा प्रश्न विचारला. वहिनीने उत्तर दिलं, आणि त्या दिवशी ओरडल्याबद्दल सॉरीही म्हणाली.

सर उठले, चष्मा पुसला. “मैडम, आज तो पैसेंजर थी. हर स्टेशन पे रुकी, टाइम पे पहुँची. बैच आपकी.” मग जाता जाता, “पर वो अचार वाला भी अच्छा था. बच्चों को अब तक याद है. कभी टाइम बचे तो.”

काका या सगळ्यातून काही शिकले असतील, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही काळमेघांना ओळखत नाही. मागच्या महिन्यात भिलाई-३ ला लग्न होतं. मी आइसक्रीमच्या रांगेत, आणि मागून ओळखीचा खर्ज.

“हे काय?”

“लाडू.”

“लाडू नाई. हे कॅप्सूलचा दाणा समजा. याले म्हणते एक्स्टेंडेड रिलीज. अर्धा सकाळी विरघळते, अर्धा दुपारी. याले कुटाचं नाई! कुटलं का सारा माल एकदम फर्नेसमध्ये. छाती धडधड. दुपारी ठणठण गोपाळ. आमच्या सुनेले मीच समजावलं. डॉक्टर लोक सिंटर शिकत नाई ना, म्हणून त्याईले समजत नाई.”

पाहुणा भारावून गेलेला. “बाप रे. तुम्ही मेडिकल लाइनचे का?”

काकांच्या मागे काकू प्लेट घेऊन उभ्या. चेहरा कोरा. पण आता ओठांबरोबर आवाजही येतो.

“आन् चार्ज कोणाकडे हाय, थे बी सांगा पाव्हण्याले,” त्या म्हणाल्या.

काकांनी उत्तर द्यायला लागू नये म्हणून लाडू तोंडात टाकला. न फोडता, अख्खा.